महेश्वरचा सातबारा

इंदूरचा मराठी माणूस महेश्वरला फिरायला जात नाही, पाहणीला जातो. मांडूला तो पर्यटक असतो, ओंकारेश्वरला भाविक असतो, पातालपाणीच्या धबधब्यावर तर निव्वळ पोरांचा बाप असतो. पण गाडी नर्मदेच्या दिशेला लागली की त्याच्या अंगात घरमालक संचारतो. घाट झाडलेत का, किल्ल्याच्या भिंतीत पिंपळ कुठे रुजला आहे, अहिल्याबाई होळकरांच्या गादीपुढे दिवा लागला की नाही, ही चौकशी त्याने नाही करायची तर कोणी? होळकरांशी त्याचे नाते बहुधा एवढेच असते की पणजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते. पण मालकी वाटायला तेवढे पुरते. किंबहुना कारकुनाच्या पणतवाला जेवढी वाटते तेवढी राजाच्या पणतवालाही वाटत नसावी.

अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. सकाळी सातला निघायचे ठरते, म्हणजे आठला घरी पोहे होतात, नऊला गाडी हलते आणि राऊ यायच्या आत मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणते, ‘पोहे झाले, पण जिलबी राहिली.’ गाडी थांबते. जिलबीबरोबर पुन्हा पोहे येतात, कारण नुसती जिलबी कोण खातो? डिकीत शेवेचे दोन प्रकार, जिरावणाची बाटली, लिंबे, सतरंजी आणि कचऱ्याच्या दोन पिशव्या: ओल्याची एक, सुक्याची एक. ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त २०१७ पासून इंदूर ओळीने पहिले येत राहिले आणि शेवटी सरकारने अशा शहरांसाठी निराळा गटच काढला. तेव्हापासून इंदूरकर परगावी गेला की त्याची नजर आधी देवळाच्या कळसाकडे जात नाही, कोपऱ्यातल्या कचरापेटीकडे जाते. पेटी नसली तर तो कचरा घेऊन परत येतो. शेंगांची टरफले महेश्वरहून इंदूरला आणून ती घंटागाडीत टाकणारी मंडळी या देशात आहेत, हे परदेशी लोकांना सांगूनही पटत नाही.

मग रस्त्याचा वाद. मानपूरचा घाट उतरून धामनोदवरून जायचे, की महूवरून जाम दरवाजामार्गे मंडलेश्वर गाठायचे? काका हमरस्त्याच्या बाजूचे. वहिनी जाम दरवाजाच्या, कारण तिथे भुट्टा मिळतो. पावसाळ्यात बहुतेक वेळा भुट्टाच जिंकतो. हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली विंध्याच्या कड्यावर बांधवला. अलीकडे माळवा, पलीकडे खाली निमाड. चढून येणारा कोण आहे हे वरच्याला आधी कळावे, असा त्या जागेचा रोख. आषाढ-श्रावणातल्या रविवारी मात्र वरून काहीच दिसत नाही. ढग दरवाजातून आरपार जातात, आणि ढग नसले तर माणसे जातात. कमानीखाली उभे राहून पाठमोरा फोटो काढायची इथे रीत आहे. रांग असते. निमाडातून आज एखादी फौज चढून आलीच तर तिलाही नंबर लावावा लागेल, आणि तोवर तिच्या हातात कोणीतरी लिंबू-जिरावण चोळलेला भुट्टा ठेवलेला असेल.

खाली उतरले की हवा बदलते. माळव्याच्या पठारावरून निघालेली शाल निमाडात आल्यावर कोणाच्या तरी मांडीवर ओझे होऊन बसते.

महेश्वरचा किल्ला नदीकडून बघावा. घाटाच्या पायऱ्या, त्यावर देवळाची शिखरे, झरोके, आणि त्याही वर तट. एवढी उंची की मान दुखते. या दर्शनाने माणसाची अपेक्षा फार वाढते, आणि पायऱ्या चढून तो राजवाड्यात शिरतो तेव्हा पहिला शब्द निघतो तो ‘एवढाच?’ आरसेमहाल नाही, झुंबरे नाहीत. लाकडी खांबांच्या ओसऱ्या, मध्ये चौक, पांढऱ्या चादरीची बैठक आणि लोड. बाजूला जुनी हत्यारे, पालखी. राजस्थान पाहून आलेल्या मंडळींना फसवल्यासारखे वाटते. पुण्याची आत्या बरोबर असली तर ती खूष होते. ‘अगदी आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यासारखा गं! तो आम्ही बिल्डरला दिला.’

खरे तर या ‘एवढाच?’चे उत्तर महेश्वरात नाही, महेश्वराबाहेर आहे. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, मुलगा मालेराव त्याच्या पुढच्याच वर्षी. त्यानंतर १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य चालवले आणि राजधानी म्हणून हे गाव निवडले. या काळात त्यांनी काशी विश्वेश्वराचे देऊळ बांधले (१७८०), सोमनाथला मंदिर उभारले (१७८३), गयेला विष्णुपद (१७८७). देशभरच्या विहिरी, घाट, धर्मशाळा निराळ्याच. म्हणजे बांधकामाची हौस दांडगी होती, फक्त ती स्वतःच्या घरावर भागवायची नाही असा नियम असावा. इंदूरच्या एखाद्या कॉलनीत कोणी असे केले असते तर सोसायटीच्या सभेत वहिनींनी विचारले असते, ‘सगळ्या गावाला पाणी दिलंत, घराला रंग कधी?’

१८१७ च्या डिसेंबरात होळकर महिदपूरची लढाई हरले, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला गेली. इंदूरकर ही गोष्ट किंचित अपराधी चेहऱ्याने सांगतो. जणू त्यानेच बैलगाड्या भरल्या होत्या. पण अपराधी वाटण्याचे कारण नाही. राजधानी राहिली असती तर आज इथे घाटाला समांतर उड्डाणपूल असता, पेशवे घाटावर बहुमजली पार्किंग असते आणि फणसे घाटावर मेट्रोचे काम चालू असते. इतिहास पाठ फिरवून निघून गेला हे महेश्वरचे केवढे तरी नशीब. (हे इंदुरात उभे राहून बोलायचे नाही.)

किल्ल्याच्याच एका भागात हॉटेल आहे. ते २००० सालापासून रिचर्ड होळकर यांनी चालवले; इंदूरचे शेवटचे महाराज दुसरे यशवंतराव यांचे ते चिरंजीव. आता पाहा, राजाचा मुलगा पाहुण्यांच्या सरबराईत, आणि दप्तरातल्या कारकुनाचा पणतू फाटकाच्या फटीतून डोकावून बायकोला सांगतोय, ‘लॉन चांगलं ठेवलंय हो.’ दर विचारायची पद्धत नाही. मालकाने आपल्याच घराचे भाडे विचारणे बरे दिसत नाही.

मालकीचा प्रश्न निघालाच आहे तर तो एकदाचा लावून टाकावा. महाराष्ट्रात जमिनीचा सातबारा असतो, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी. महेश्वरचा उतारा काढलाच, तर भोगवटादाराच्या रकान्यात होळकरांचे नावच सापडू नये. अहिल्याबाईंनी गादीवर येताना खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो देवाला वाहिला असे सांगतात, आणि हुकमावर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ लिहायची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. म्हणजे मालक शंकर, बाकी सगळे वहिवाटदार. हा मालक अजून रोज हजेरी घेतो. सकाळी किल्ल्यावर लिंगार्चन चालते. नर्मदेची काळी माती मळून ब्राह्मण मंडळी चिमटीएवढी शिवलिंगे करतात आणि पाटावर ओळीने मांडत जातात. बोटांचा वेग असा की बघणाऱ्याला एकेक लिंग घडताना दिसत नाही, फक्त पाट भरत गेलेला दिसतो. पूजा झाली की सगळी नदीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती. गेली सव्वादोनशे वर्षे घडवलेला हा रोजचा माल रोज बुडवला जातो आणि कोणाची तक्रार नाही. इंदूरच्या व्यापारी मनाला हे थोडे लागते. एका गृहस्थाने मोठ्या कळकळीने सुचवले होते, की यातली काही पक्की भाजून घाटावर विकायला ठेवावीत.

‘इतर हक्क’ या रकान्यात मात्र गर्दी फार.

सगळ्यांत जुना हक्क सहस्रार्जुनाचा. माहिष्मती नगरीचा हा हजार हातांचा राजा. महेश्वर म्हणजेच माहिष्मती, असे गावात लहान पोरही सांगते. काही अभ्यासकांनी माहिष्मती उचलून ओंकारेश्वरच्या मांधाता बेटावर नेली होती, पण त्यांना इथे कोणी चहा विचारत नाही. राजराजेश्वराच्या देवळात अकरा अखंड दिवे तेवतात आणि भाविक त्यांना तूप वाहतात. या सगळ्या निगुतीने जपलेल्या परंपरेवर २०१५ साली आपत्ती कोसळली. ‘बाहुबली’ नावाचा चित्रपट आला आणि त्यातल्या राज्याचे नाव निघाले माहिष्मती. तेव्हापासून बारा-चौदा वर्षांची मुले किल्ल्यावर येऊन गाईडला पहिला प्रश्न विचारतात तो भल्लालदेवाच्या पुतळ्याचा. गाईडही आता शहाणे झालेत. ‘वो यहाँ से आगे है,’ म्हणतात आणि सहस्रार्जुनाकडे नेतात. हजार हात दिसल्यावर पोरेही तडजोड करतात.

दुसरा हक्क पुण्याचा. पुण्याचा हक्क नाही असे गाव सापडणे तसेही अवघडच. १९५२-५३ मध्ये डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि बडोद्याच्या विद्यापीठाची मंडळी महेश्वरला आणि समोरच्या काठावर नावडाटोलीला खणायला आली. पुढे १९५७ ते ५९ मध्ये नावडाटोलीला मोठे उत्खनन झाले. काय निघाले? साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे खेडे: लाकडी मेढींवरच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, लालसर भांड्यांवर काळी नक्षी, आणि पन्हळीसारखी लांब चोच असलेला एक वाडगा. त्याचे साम्य सांकलियांनी थेट इराणात सापडलेल्या भांड्यांशी दाखवले आणि विद्वानांना पुढची कित्येक वर्षे वादाला विषय पुरवला. धान्यही सापडले. गहू, मसूर, मूग, जवस, बोरे, पुढच्या थरांत तांदूळ. म्हणजे वरणभात आणि जवसाची चटणी एवढा स्वयंपाक नावडाटोलीला होऊ शकत होता. हे ऐकून आत्याबाईंना समाधान वाटते. शेव मात्र सापडली नाही, याची इंदूरकरांना हळहळ.

घाटावरच्या पर्यटकांपैकी फारच थोडे जण त्या काठाला जातात. तिथे पाहायला काय आहे, असे विचारतात. टेकाड आहे. टेकाडात शिरून पाहता येत नसल्यामुळे आणि टेकाडापुढे उभे राहून काढलेला फोटो कोणीही पुढे पाठवत नसल्यामुळे, साडेतीन हजार वर्षे जुने गाव रविवारी दुपारी मोकळेच असते.

जेवणानंतरचे अडीच-तीन तास साड्यांचे. त्यात कोणी मध्ये बोलायचे नसते. महेश्वरी साडी मुळात सुती. आता ताण्याला रेशीम, बाण्याला सूत. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी काठात उतरवली, असे दुकानदार सांगतो आणि पुरावा म्हणून काठ पुढे करतो. चटई, लहर, हिरा, चमेलीचे फूल. साडी दोन्ही बाजूंनी सारखी नेसता येते, असा तिचा काठ. त्याला बुगडी म्हणतात. ‘म्हणजे एका किमतीत दोन साड्या,’ असे दुकानदार म्हणाला की काकांचा चेहरा उजळतो आणि काकू दोन घेतात. म्हणजे चार झाल्या, असा हिशेब परतीच्या वाटेवर निघतो.

मधल्या काळात हा धंदा बसत आला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सॅली आणि रिचर्ड होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली आणि बायकांना मागावर बसवायला सुरुवात केली. पुढे गावात मागांचा आवाज वाढत गेला. तो आवाज ऐकायचा असेल तर दुकानाच्या मागच्या बोळात जावे. एक बाई मागावर बसलेली असते. पाय खालच्या पट्टीवर, धोटा डावीकडून उजवीकडे, फणीचा ठोका, धोटा उजवीकडून डावीकडे, ठोका. साडीचा काठ केसाकेसाने वाढतो. तेवढ्यात मोबाइल पुढे करून कोणीतरी म्हणते, ‘दीदी, एक बार फिर से करो ना, रेकॉर्ड नहीं हुआ.’ आता विणकामात ‘फिर से’ नसते. टाकलेला धोटा पुढेच जातो. त्यामुळे कुठल्या तरी मुंबईच्या किंवा बंगलोरच्या बाईच्या साडीत चार बोटे पट्टी अशी असणार, जी खास इंदूरच्या कोणाच्या तरी रीलसाठी विणली गेली. विणणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. दिवसाकाठी तिला असे किती जण भेटत असतील.

काका या वेळात बाहेरच्या ओट्यावर असतात. तिथे त्यांच्यासारखे आणखी पाच-सहा काका असतात. यातल्या दोघांची जुनी ओळख निघते, एकाची सोयरीक निघते. महेश्वरातल्या साडीच्या दुकानाबाहेर इंदूरची निम्मी लग्ने जमली असावीत.

ऊन उतरायला लागले की घाट. अहिल्या घाटावर नदी रुंद आणि पायऱ्या त्याहून रुंद. इंदूरकराच्या वागण्यातला अजब भाग इथे बघायला मिळतो. १९७० साली इंदूरच्या लोकांनी नर्मदेचे पाणी शहराला मिळावे म्हणून मोठे आंदोलन केले, आणि १९७८ पासून ते मिळाले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उचललेले पाणी सुमारे ७० किलोमीटर लांब, विंध्य चढून, पंपामागून पंप लावून इंदूरच्या टाक्यांत जाते. म्हणजे हा माणूस जन्मभर नर्मदेतच अंघोळ करत आला आहे. गाडी धुतली तीही नर्मदेत, कुंड्यांना पाणी घातले तेही नर्मदेचे. तोच माणूस नव्वद किलोमीटर येऊन, कपडे सतरंजीवर ठेवून, नाक धरून त्याच पाण्यात तीन बुड्या मारतो. पाच लिटरचा कॅन भरतो, झाकण घट्ट लावतो, आणि सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत तो कॅन घेऊन चढतो. तिथे एक दिवसाआड तेच पाणी नळाला येतच असते. याबद्दल नातवाने आजीला छेडले तर उत्तर तयार असते. ‘नळाचं बिल येतं. हिचं बिल येतं का?’

पुरुषांच्या मनोरंजनाची काही कलमे अलीकडे कमी झालीत. जानेवारी २०२५ मध्ये, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त, मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने आपली बैठक महेश्वरला भरवली आणि राज्यातल्या १७ धार्मिक ठिकाणी दारूबंदी जाहीर केली. अंमल १ एप्रिलपासून. तारखेमुळे काही जण शेवटपर्यंत आशेवर होते.

खरी मौज गावाबाहेर आहे. नदीच्या अंगाने पाचेक किलोमीटर खाली जलकोटीजवळ सहस्रधारा आहे. काळ्या पत्थराचे पट्टे नदीच्या पात्रात आडवे-तिडवे पडलेत आणि त्यांच्या फटींतून नर्मदा फुटून निघते. कुठे हातभर रुंद, कुठे खोल आणि गुपचूप, कुठे फेस काढत. आवाज लांबून येतो. दगड गुळगुळीत, आणि शेवाळ दिसत नाही म्हणून नाही असे नव्हे. मध्ये उतरून उभे राहण्याचा मोह दरवर्षी कोणाला तरी महागात पडतो. सूचनेचा फलक असतो. लोक त्याला टेकून बूट काढतात.

गोष्ट अशी सांगतात, की सहस्रार्जुन राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाणी हवे तेवढे खोल नव्हते म्हणून त्याने हजार हात पसरून नर्मदाच अडवली. नदी मागे फुगली. वरच्या अंगाला रावण शंकराची पूजा मांडून बसला होता. त्याची फुले, बेल, पूजेचे ताट, सगळे वाहून गेले. रावण चिडून जाब विचारायला आला आणि हरून कैदेत पडला. जलक्रीडेमुळे शेजाऱ्याला झालेल्या त्रासाची ही बहुधा पहिली तक्रार, आणि तक्रारदारालाच आत टाकण्याची प्रथाही तिथूनच पडली असावी. त्या हातांच्या बोटांमधून निसटलेल्या त्या या धारा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच ठिकाणी पुन्हा जलक्रीडा झाली, यावेळी सरकारी. ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा मध्य प्रदेशात होत्या आणि त्यातली कनू स्लॅलम सहस्रधारेला. खळाळत्या पाण्यावर तारा ताणून त्यावरून खांबांच्या जोड्या लोंबत सोडतात. हिरव्या-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाबरोबर जायचे, लाल-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाविरुद्ध वळून चढायचे. खांबाला नाव, वल्हे, खांदा, काहीही लागले की वेळेत २ सेकंद दंड. जोडी चुकली तर ५० सेकंद. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन पाती. कनूमध्ये गुडघे टेकतात आणि पाते एकच. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९७२ ला म्युनिकला आला, मग वीस वर्षे गायब, आणि १९९२ पासून कायम. जगात बऱ्याच ठिकाणी यासाठी सिमेंटचे कालवे बांधतात, पंप लावून पाणी खळाळवतात. इथे ते काम हजार हातांच्या राजाने आधीच करून ठेवले होते.

काठावरच्या इंदूरकरांना नियम समजायला वेळ लागला नाही. खटकले एवढेच की नुसत्या स्पर्शाला दंड. इंदूरच्या राजवाड्याच्या चौकात संध्याकाळी सहाला हाच नियम लावला, तर कोणीही घरी पोचायचा नाही. एक काका तर लाल खांबाजवळ प्रत्येक खेळाडू वळू लागला की ‘दाब, दाब, डावीकडून घे’ असे ओरडत होते. त्यांना पोहता येत नाही.

शेवटचा कार्यक्रम नावेचा. संध्याकाळी घाटाला नावा दाटीने लागलेल्या असतात आणि त्यात लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी असतात. नवरदेवाच्या शेरवानीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवतात, फोटोच्या वेळी काढायला लावतात, पुन्हा चढवतात. वर ड्रोन घोंघावतो. नावाडी निर्विकार. त्याने यापेक्षा मोठी माणसे पाहिली आहेत. ‘यहाँ शाहरुख खड़ा था,’ तो वल्ह्याने पायरी दाखवतो. ‘अशोका’चे (२००१) काही चित्रण इथले. पुढे ‘पॅडमॅन’ (२०१८) आला. कोइमतूरच्या मुरुगनंतम यांची गोष्ट उचलून चित्रपटवाल्यांनी ती महेश्वरात वसवली. त्यामुळे अक्षयकुमार आपल्याच गावचा, असे इथे बरेच जण मानतात. इतर हक्कांत आणखी एक नोंद.

नदीच्या मध्यावर खडकावर बाणेश्वराचे लहानसे देऊळ आहे. पृथ्वीचा मध्य आणि ध्रुवतारा यांना जोडणारी रेषा या देवळातून जाते, हे नावाडी अशा स्वरात सांगतो की कोणी दोरी लावून पाहायचे मनात आणत नाही. देवळाकडे नावा जातात तेव्हा काठावर काही जण मागेच बसून राहतात. पांढरे कपडे, कमंडलू, काठी. किंवा पुण्याच्या यात्रा कंपनीचे गळ्यातले ओळखपत्र आणि गुडघ्याला पट्टा. हे परिक्रमावासी. नर्मदा उजव्या हाताला ठेवून फिरायचे आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे मध्यावरचा देव त्यांना हात जोडूनच. गो. नी. दांडेकरांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत पुस्तके वाचून मराठी माणसे मोठ्या संख्येने या वाटेला लागली, काही पायी, बरीच बसने. नावेतला इंदूरकर त्यांना ‘नर्मदे हर’ घालतो. काठावरून पुणेकर ‘हर’ म्हणतो आणि लगेच विचारतो, ‘इथे चहा बरा कुठे मिळतो?’ पाच मिनिटांत काठ आणि नाव यांच्यामध्ये, पाण्यावरून, महेश्वरची राजधानी हलवणे बरोबर होते की चूक, यावर ओरडून चर्चा सुरू होते. नावाडी तेवढ्यात आणखी एक फेरा मारतो. त्याचा हिशेब वेळेवर असतो.

उतरताना पैशाची बोलणी झाली. इंदूरकराने आवाजात घरोबा आणला. ‘भिया, हम बाहर के थोड़े ही हैं. होलकर स्टेट के हैं, तीन पीढ़ी से.’

‘अरे तब तो बाबूजी, घाट भी आपका, किला भी आपका, नाव भी आपकी ही समझो,’ नावाडी दोर बांधता बांधता म्हणाला. ‘चप्पू मैंने चलाया, उसके पैसे दे दो.’

इंदूरकराने ठरलेले सगळे पैसे दिले आणि पावती मागितली.